शाळेच्या बास्केटबॉल स्पर्धेत गावातल्या जुन्या खेळाडूंचा सत्कार करायचा आहे, कसा करावा?

कृष्णाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एका कामात तुमची मदत हवी आहे. थोडं सविस्तर लिहिते.

आम्ही अमेरिकेत इंडियाना राज्यात राहतो, इंडियानापोलिसपासून तासाभरावरच्या एका लहान गावात. थोरली लेक अकरावीत आहे आणि शाळेच्या मुलींच्या संघात खेळते. नाताळच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या जिममध्ये दोन दिवसांची स्पर्धा असते. चार संघ मुलांचे, चार मुलींचे, सगळे आजूबाजूच्या गावांतले. यंदा पालक समितीने ठरवलं की या स्पर्धेत गावातल्या जुन्या खेळाडूंचा, प्रशिक्षकांचा सन्मान करायचा. हे काम माझ्याकडे आलं, किंवा खरं सांगायचं तर मीच हात वर केला.

इथलं शाळकरी बास्केटबॉल ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. आपल्याकडे यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानाला अख्खा पंचक्रोशीतला माणूस लोटतो ना, तसं इथे शुक्रवारी रात्री शाळेच्या जिममध्ये होतं. १९११ पासून राज्य स्पर्धा आहे. १९९७ पर्यंत लहान शाळा, मोठी शाळा असा भेद नव्हता, सगळ्यांची मिळून एकच स्पर्धा. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातल्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने अंतिम सामन्यात दहापट मोठ्या मन्सी सेंट्रलला ३२-३० असं हरवलं. शेवटच्या क्षणी बॉबी प्लम्पने मारलेला तो बास्केट इथली माणसं अजून काल पाहिल्यासारखा सांगतात. मायलनच्या पाण्याच्या टाकीवर आजही त्या विजेतेपदाचं साल रंगवलेलं आहे.

मी मूळची कराडची. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले तेव्हा कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. माझे आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे होते, रस्त्याच्या कडेला उभे होते. बैलांच्या शिंगांना काय रंग होता इथपर्यंत ते सांगायचे. पदकाबद्दल त्यांना फारसं सांगता यायचं नाही, पण ‘आपल्यातला माणूस’ हे शब्द दर वेळी यायचे. हात वर केला तो या आठवणीपायी.

आता अडचण. माझ्या यादीत सध्या चार नावं आहेत. एक निवृत्त प्रशिक्षक. एक आजोबा, जे कधीच खेळले नाहीत पण चाळीसेक वर्षं स्कोअररच्या टेबलावर बसून वही लिहीत आले. ऐंशीच्या दशकात सेक्शनल, म्हणजे राज्य स्पर्धेची पहिली फेरी, जिंकलेल्या संघाचा कर्णधार. आणि एक आजी, ज्या साठच्या दशकाच्या शेवटी इथे शाळेत खेळायच्या. मध्यंतराची दहा मिनिटं देऊ असं शाळा म्हणते. समितीतल्या काहींना त्या कर्णधाराचा जर्सी क्रमांक कायमचा निवृत्त करायचा आहे, म्हणजे तो पुढे कुणालाच द्यायचा नाही. मला मात्र तो शाल-श्रीफळासारखा उरकलेला कार्यक्रम व्हायला नको आहे. तुम्ही असं काही पाहिलं असेल, केलं असेल, तर सांगा.

---

फळा_खडू | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

ताई, मी सत्तावीस वर्षं क्रीडाशिक्षक आहे, सातारा जिल्ह्यात. एकच गोष्ट सांगतो, बाकी तुम्हाला सुचेलच.

काही वर्षांपूर्वी आमच्या मुलींना घेऊन एका स्पर्धेला गेलो होतो. कुठली ते सांगत नाही. उद्घाटनाला दोन जुन्या राष्ट्रीय खेळाडू येणार होत्या, मुली आठवडाभर त्यांच्याबद्दलच बोलत होत्या. मुख्य पाहुणे दोन तास उशिरा आले. मुली वॉर्मअप करून उन्हात बसल्या, अंग थंड झालं. मग भाषणं झाली. त्या दोघी खेळाडू मंचावर मागच्या रांगेत होत्या. हार घातले, फोटो झाला, आणि त्यांच्या हातात माईक आलाच नाही. पहिल्या सामन्यात पाचव्या मिनिटाला माझ्या एका मुलीच्या मांडीचा स्नायू धरला. परतीच्या एसटीत तिने विचारलं, ‘सर, त्या बाई काय खेळायच्या?’ मला पाय दुखण्यापेक्षा त्या प्रश्नाचं जास्त लागलं.

तेव्हा तुमच्या कार्यक्रमात मुलांना कळलं पाहिजे की ही व्यक्ती काय करायची. बचावात चांगली होती, की लांबून मारायची, की सगळ्यांच्या आधी जिममध्ये यायची. नुसतं ‘ज्येष्ठ खेळाडू’ म्हणून भागत नाही.

---

शिट्टी | १३ नोव्हेंबर, सकाळी ११.०२

पुण्यात पंच म्हणून काम करतो, भाचा तिकडे शाळेत खेळतो म्हणून तिकडचे नियमही बघत असतो. दोन मुद्दे.

पहिला, मध्यंतर ही सगळ्यात चुकीची वेळ आहे. मध्यंतरात दोन्ही संघ प्रशिक्षकाबरोबर आत ड्रेसिंग रूममध्ये असतात. अर्धे प्रेक्षक पॉपकॉर्नच्या रांगेत. म्हणजे ज्या मुलांसाठी हे करायचं ती मुलंच कोर्टवर नसतील. पाहणार कोण? टेबलावरचे आम्ही!

दुसरा मुद्दा क्रमांकाचा. अमेरिकेतल्या शाळकरी खेळात जर्सीवर ० ते ५ हेच आकडे चालतात, कारण पंच फाउल झाल्यावर टेबलाला बोटांनी क्रमांक दाखवतो आणि एका हाताला बोटं पाच. म्हणजे ०, ००, १ ते ५, १० ते १५, असं करत ५५ पर्यंत. मोजून ३७ क्रमांक. त्यात ० आणि ०० एका संघात एकत्र चालत नाहीत. दर पाच-दहा वर्षांनी एक क्रमांक निवृत्त करत गेलात तर नातवंडांना जर्सी पुरायची नाही. त्यापेक्षा क्रमांक खेळता ठेवा, आणि तो घालणाऱ्या मुलाला आधी कोण तो घालून खेळलं हे सांगा.

---

कृष्णाकाठ | १३ नोव्हेंबर, रात्री ८.२०

@फळा_खडू सर, ‘त्या बाई काय खेळायच्या’ हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. सर्वांना एकेकदा भेटून आधी तेवढंच विचारणार आहे.

@शिट्टी मध्यंतराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! दोन वर्षं लेकीचे सामने पाहते आहे आणि मध्यंतरात ती कधीच दिसत नाही, तरीही. आजच शाळेशी बोलते.

---

इंडी_रवी | १४ नोव्हेंबर, पहाटे ५.५०

मी इंडियानापोलिसमध्येच असतो, बावीस वर्षं झाली. तुम्ही मायलनबद्दल लिहिलंत, पण त्याला जोडून दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सन्मानाचा विषय निघाला की माझ्या डोळ्यासमोर तीच येते.

१९५४ च्या वाटचालीत मायलनने सेमीस्टेटला, म्हणजे राज्याच्या अंतिम फेरीआधीच्या टप्प्यात, क्रिस्पस ॲटक्स या शाळेला हरवलं होतं, ६५-५२. ॲटक्स ही शहरातली फक्त कृष्णवर्णीय मुलांची शाळा. १९२७ साली वंशभेदाच्या धोरणातून मुद्दाम वेगळी काढलेली. १९४२ पर्यंत तिला राज्य स्पर्धेत प्रवेशच नव्हता. स्वतःचं जिम इतकं लहान की घरचे सामनेही दुसरीकडे खेळावे लागत. त्या ६५-५२ च्या सामन्यात ॲटक्सकडून दहावीतला एक मुलगा खेळत होता, ऑस्कर रॉबर्टसन. पुढे रोम ऑलिम्पिकचं सुवर्ण, एनबीए, सगळं झालं.

पुढच्याच वर्षी, मार्च १९५५ मध्ये, रे क्रो या प्रशिक्षकाच्या हाताखाली ॲटक्सने राज्य जिंकलं. अंतिम सामन्यात गॅरी रूझवेल्टला ९७-७४. इंडियानापोलिस शहराला मिळालेलं हे पहिलं राज्य विजेतेपद. सगळ्यांना खुल्या असलेल्या राज्य स्पर्धेत कृष्णवर्णीय शाळेने जिंकण्याची देशातली पहिली वेळ. शहरात प्रथा अशी की विजेत्यांना अग्निशमन दलाच्या गाडीवर बसवून मॉन्युमेंट सर्कलला, म्हणजे शहराच्या मध्यावर न्यायचं आणि तिथे जल्लोष करायचा. ॲटक्सची गाडी सर्कलला फेरी मारून थेट नॉर्थवेस्टर्न पार्ककडे वळवली, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. तुमचा जल्लोष तुमच्या तुमच्यात करा, असा त्याचा अर्थ. मुलं सतरा-अठरा वर्षांची होती, पण त्यांना तो कळला. पुढच्या वर्षी हीच शाळा ३१ पैकी ३१ सामने जिंकून पुन्हा विजेती झाली.

२०१५ साली, साठ वर्षांनी, त्या संघातल्या हयात खेळाडूंना इंडी ५०० या मोटारशर्यतीच्या मिरवणुकीत अग्रमानाने बसवलं. मी मुलाला खांद्यावर घेऊन उभा होतो. गाडीतले म्हातारे हात हलवत होते. शेजारी एक बाई उभ्या होत्या, साधारण त्यांच्याच वयाच्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. मी काही विचारलं नाही.

आणि २०१७ मध्ये ॲटक्सने पुन्हा एक राज्य विजेतेपद मिळवलं तेव्हा पोरांच्या गळ्यात पदकं घालायला खुद्द ऑस्कर रॉबर्टसन उभे होते. मला या सगळ्यात ते दृश्य सगळ्यात मोठं वाटतं. २०१५ मध्ये शहराने त्यांना मान दिला, पण २०१७ मध्ये ते स्वतः कुणाला तरी देत होते.

---

सह्यकडा | १४ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

रवी, ही माहिती अजिबात नव्हती. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

---

वैनगंगा | १४ नोव्हेंबर, दुपारी १.१०

माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा.

मी आठ वर्षं अमेरिकेत होतो, ओहायोत. तिथे शाळेतल्या खेळाडूला मिळणारं महत्त्व पाहून मला काळजी वाटायची. सतरा वर्षांच्या मुलावर सगळं गाव जीव टाकतं, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि अठराव्या वर्षी ते सगळं संपतं. नंतर गॅरेजमध्ये किंवा गोदामात काम करताना तो माणूस उरलेलं आयुष्य त्या एका हंगामाकडे मागे बघत काढतो. माझ्या शेजारी असे एक गृहस्थ राहत. भला माणूस. पण बोलणं सुरू झालं की तिसऱ्या वाक्याला १९७८ चा हंगाम.

शिवाय त्याच गावात चांगलं गणित शिकवणाऱ्या बाई असतात, रात्रपाळी करणाऱ्या नर्स असतात. त्यांना कोण कोर्टवर बोलावतं? आपण त्या समाजाचं आहे ते सगळं चांगलंच म्हणून उचलू नये, एवढंच.

---

कृष्णाकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

@वैनगंगा राग कसला, मुद्दा खरा आहे. मलाही इथे कधी कधी धडकी भरते. लेक एक फ्री थ्रो चुकली म्हणून किराणा दुकानात एका अनोळखी माणसाने तिला त्यावरून टोकलं होतं.

पण काल त्या स्कोअरर आजोबांकडे जाऊन आले. त्यांच्या तळघरात एका कपाटात सगळ्या वह्या ओळीने लावलेल्या आहेत. प्रत्येक सामन्याचं एक पान. प्रत्येक बास्केट, प्रत्येक फाउल, पेन्सिलीने. मी विचारलं, तुम्ही हे इतकी वर्षं का केलंत? ते म्हणाले, जो मुलगा वर्षभरात दोनच गुण करतो त्याचेही दोन गुण कुठेतरी लिहिलेले असले पाहिजेत. मग एक वही काढून त्यांनी मला आमच्या पोस्टमनचं नाव दाखवलं. अख्ख्या हंगामात दोन गुण. पोस्टमनला बहुतेक माहीतही नसेल की हे कुणी जपून ठेवलंय.

म्हणून मला वाटतं, कुणाला बोलवायचं हे आपल्या हातात आहे. हिरोच बोलवायचे असं थोडंच आहे. गणिताच्या बाईंचं मात्र समितीत नक्की मांडते, वेगळ्या प्रसंगासाठी.

---

वैनगंगा | १४ नोव्हेंबर, रात्री ११.४०

पोस्टमनचं वाचून माझा विरोध बराच निवळला. त्यांना बोलवा.

---

सुमेधा_एन | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

न्यू जर्सीहून लिहिते आहे. मला त्या साठच्या दशकातल्या आजींबद्दल बोलायचंय, कारण चर्चेत त्या मागे पडतायत.

इंडियानात मुलांची राज्य स्पर्धा १९११ पासून आहे असं तुम्ही लिहिलंत. मुलींची पहिली राज्य स्पर्धा झाली १९७६ साली! पासष्ट वर्षांचा फरक. शिक्षणात लिंगभेद नको असा केंद्रीय कायदा १९७२ चा, त्यानंतर शाळांना मुलींचे संघ उभे करावे लागले. ती पहिली स्पर्धा वॉर्सा नावाच्या गावच्या शाळेने जिंकली आणि त्यांची छोटीशी गार्ड जूडी वॉरन राज्याची पहिली ‘मिस बास्केटबॉल’, म्हणजे वर्षाची सर्वोत्तम शाळकरी खेळाडू, ठरली. मुलांमधला पहिला ‘मिस्टर बास्केटबॉल’ १९३९ चा, जॉर्ज क्रो. रवींनी लिहिलेल्या रे क्रोंचा भाऊ.

तुमच्या आजी त्याच्या आधीच्या. त्यांच्या काळी बऱ्याच ठिकाणी मुलींचा खेळ सहा जणींचा असे. तिघी एका अर्ध्यात फक्त गोल करायला, तिघी दुसऱ्या अर्ध्यात फक्त अडवायला. मधली रेघ ओलांडायची नाही. चेंडू टप्पा मारत न्यायलाही अनेक ठिकाणी मर्यादा. मुलींच्या प्रकृतीला धावपळ झेपणार नाही, अशी समजूत. त्यांना जरूर विचारा त्या कशा खेळायच्या. बॅनर, ट्रॉफी, वही, काहीच सापडणार नाही त्यांच्या नावावर. आणि म्हणूनच माझ्या मते तुमच्या यादीत त्यांचं नाव पहिलं हवं.

---

कृष्णाकाठ | १५ नोव्हेंबर, रात्री ९.१५

सुमेधाताई, तुम्ही लिहिलंत ते शब्दशः खरं निघालं. आज फोनवर बोलले. त्या अडवणाऱ्या तिघींपैकी होत्या. म्हणाल्या, ‘मी चार वर्षं खेळले आणि सामन्यात एकदाही बास्केटवर चेंडू मारला नाही. परवानगीच नव्हती.’

---

नागपाडाकर | १७ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

धागा आज पाहिला. आमच्याकडचं थोडं सांगतो.

मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांमध्ये क्रिकेटइतकंच बास्केटबॉल आहे, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. अब्बास मुंतसिर आमच्या याच वस्तीतले. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारताचे कर्णधार, १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते. मी लहान असताना संध्याकाळी कोर्टवर जायचो तेव्हा कडेला जुने खेळाडू बसलेले असायचे. सत्कार वगैरे काही नसायचा. पण कोर्टवर एक वागणूक होती. म्हातारा माणूस कडेला आला की जो मुलगा बाकावर बसलेला असेल तो उठायचा. आणि त्याने आतल्या एखाद्या पोराला हाक मारून ‘डावा हात वापर’ म्हटलं की त्या पोराने त्या दिवशी डावा हात वापरायचाच. सामना हरला तरी. मला डाव्या हाताने लेअप (धावत जाऊन जवळून मारलेला बास्केट) येतो तो अशाच एका चाचांमुळे. त्यांचं नाव कुठल्या फलकावर नाही.

तुमच्या पाहुण्यांना तासभर आधी बोलवा. मुलं सराव करत असताना कडेला खुर्च्या टाका. त्यांना काहीतरी सांगू द्या पोरांना. माणूस निवृत्त झाला तरी नजर निवृत्त होत नाही.

---

शिट्टी | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.२०

@नागपाडाकर वा! यावरून एक सुचलं. सामना सुरू होण्यापूर्वी पहिल्या पाच खेळाडूंची नावं पुकारतात, दिवे मंद करतात, एकेक जण धावत मध्यावर येतो. तेव्हा दोन्ही संघ बाहेर असतात, प्रेक्षक जागेवर असतात, सगळ्यांचं लक्ष तिथेच असतं. प्रत्येक खेळाडूबरोबर एक जुनी व्यक्ती चालत येऊ द्या. पाच खेळाडू, पाच पाहुणे. प्रत्येकामागे दोन वाक्यं, ती त्या मुलीने किंवा मुलाने स्वतः लिहिलेली. तीन-चार मिनिटांत होईल. पाहुण्या संघाला आणि पंचांना आधी कळवा म्हणजे कुणाची गैरसोय नाही.

---

फळा_खडू | १७ नोव्हेंबर, रात्री ८.००

हे उत्तम. आणि वाक्यं लिहायची तर मुलांना त्यांच्या घरी पाठवावं लागेल. म्हणजे निम्मं काम तिथेच झालं.

---

इंडी_रवी | १८ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

पाठिंबा. शक्य झालं तर मुलांना एकदा न्यू कॅसलला घेऊन जा, तिथे राज्याचं बास्केटबॉल हॉल ऑफ फेम आहे. ते दर वर्षी २५ वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या खेळाडूंचा एक ‘रौप्यमहोत्सवी संघ’ जाहीर करतात. ही पद्धत मला आवडते. पंचवीस वर्षांनी चाळिशी उलटलेली असते, ती माणसं अजून धावू शकतात, मुलं-बाळं सोबत असतात. आपल्याकडे फार उशीर होतो. तुम्ही खाशाबांचं लिहिलंत. बैलगाड्या लगेच आल्या, पण अर्जुन पुरस्कार मिळाला तो जवळपास पन्नास वर्षांनी. ते १९८४ मध्येच गेले होते.

---

कृष्णाकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री ९.५०

हो रवी. आजोबा अर्जुनची बातमी वाचून पेपर घडी करून उशीखाली ठेवून झोपले होते. कुणाशी बोलले नाहीत त्या दिवशी. आता खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन झालाय, ते बघायला आजोबा नाहीत.

शिट्टी यांची कल्पना शाळेला एकदम पटली. क्रमांक निवृत्त करण्याचा विषय संपला. स्वतः कर्णधारच म्हणाला, ‘माझ्या नंबरचा मुलगा यंदा बाकावर असतो, त्याला खेळवा, तोच माझा सन्मान.’ पाचवे पाहुणे पोस्टमन. ते आधी नाहीच म्हणाले, मग वहीचं पान दाखवल्यावर बराच वेळ गप्प बसले आणि हो म्हणाले.

---

कृष्णाकाठ | ३० डिसेंबर, रात्री ११.३०

मंडळी, काल झालं. उशीर झालाय पण आजच लिहिते, नाहीतर बारकावे विसरायला होतील.

नागपाडाकरांनी सांगितलं तसं सगळ्यांना तासभर आधी बोलावलं होतं. निवृत्त प्रशिक्षक खुर्चीत पाच मिनिटंही बसले नाहीत. दुसऱ्या गावच्या, म्हणजे विरोधी संघाच्या एका मुलाला फ्री थ्रोच्या वेळी कोपर बाहेर जातो म्हणून हाताला धरून दाखवत होते. त्या संघाचे प्रशिक्षक बाजूला उभे राहून ऐकत होते. नंतर कळलं, ते यांचेच जुने विद्यार्थी.

चूकही एक झाली, तीही सांगते. दिवे मंद केल्यावर एका पाहुण्यांना पायरी दिसली नाही आणि तोल गेला. शेजारच्या मुलाने धरलं म्हणून निभावलं. कुणी असं करणार असेल तर दिवे पूर्ण चालू ठेवा. सत्तरीच्या माणसांना अंधारातून चालवणं ही आमची चूकच होती.

मुलींच्या सामन्यात पाहुणे चालत आले. प्रत्येकीने स्वतः लिहिलेली वाक्यं स्वतः माईकवर वाचली. स्कोअरर आजोबांबरोबर आलेल्या मुलीने वाचलं, ‘यांच्या वहीत माझ्या आईचे १११ गुण आहेत. आईने मला कधीच सांगितलं नव्हतं की ती खेळायची.’ तिची आई वरच्या बाकांवर होती.

पोस्टमनांचं नाव पुकारलं आणि लोक उभे राहिले. मला वाटतं त्यांच्या दोन गुणांसाठी नाही, वीस-पंचवीस वर्षं बर्फातून टपाल आणतात त्यासाठी. वैनगंगा, तुमची आठवण झाली.

आजी माझ्या लेकीबरोबर होत्या. लेकीने वाचलं, ‘या चार वर्षं बचावाला खेळल्या. यांच्या काळी मुलींना मधली रेघ ओलांडायची परवानगी नव्हती.’ एवढंच, पुढे काही नाही. दोघी आमच्या बाजूच्या टोकाकडून चालत आल्या. रेघेपाशी आजी थांबल्या. आम्ही असं काही ठरवलं नव्हतं. लेकही थांबली. मग आजींनी खाली बघितलं आणि रेघ ओलांडून पलीकडे गेल्या. जिममध्ये जवळजवळ सहाशे माणसं असतील, पण त्या क्षणी बुटांचा आवाज ऐकू येत होता. लेकीने हातातला चेंडू त्यांना दिला. त्यांनी मारला. लागला नाही, रिंगला लागून बाहेर आला. लेकीने परत दिला. दुसराही नाही. तिसरा फळीला लागून आत गेला.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी रडत होते.

सामना आम्ही ४ गुणांनी हरलो.

---

सुमेधा_एन | ३१ डिसेंबर, सकाळी ८.१०

ऑफिसात वाचलं आणि दार लावून घ्यावं लागलं. लेकीला माझ्याकडून सांगा, ‘पुढे काही नाही’ हे तिने बरोबर केलं.

---

फळा_खडू | ३१ डिसेंबर, सकाळी ८.४५

ताई, आमच्या शाळेत जानेवारीत क्रीडा सप्ताह आहे. गावात १९९० च्या आसपास राज्य पातळीवर खो-खो खेळलेल्या तिघीजणी आहेत, एक अंगणवाडीत, एक शेती करते, एक दुकान चालवते. आज शाळा सुटल्यावर मुलींना त्यांच्या घरी पाठवतोय. काय विचारायचं ते त्या स्वतः ठरवणार आहेत.

---

शिट्टी | ३१ डिसेंबर, दुपारी १२.३०

दिव्यांची जबाबदारी माझी, ते मीच सुचवलं होतं. माफ करा. पाहुणे ठीक आहेत ना?

एक पंच म्हणून विचारतो, तो बास्केट कुठे नोंदवला का?

---

कृष्णाकाठ | ३१ डिसेंबर, रात्री ७.२५

ठीक आहेत, आज सकाळी फोन केला होता. नेहमीसारखे फिरून आले म्हणाले.

आणि हो, नोंदवला. सामन्याच्या पानावर नियमाने लिहिता येत नाही, म्हणून स्कोअरर आजोबांनी वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं. तारीख, आजींचं लग्नाआधीचं नाव, तीन प्रयत्न, एक बास्केट, दोन गुण. पेन्सिलीनेच. पानाचा फोटो माझ्याकडे आहे, पण मागच्या पानावर मुलींची नावं उमटलेली दिसतात, म्हणून इथे टाकत नाही.